रिसेप्टर हाती कसा लागला आणि हृदयरोग्याला त्याचा काय उपयोग झाला

मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्या डॉक्टर मुलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे मूळचे हृदयरोगतज्ज्ञ, मग त्यांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक रसायनशास्त्राचे कसे मिळाले. पेशींवरील रिसेप्टरच्या (संप्रेरक किंवा औषध टिपून पेशीच्या आत संदेश देणाऱ्या रेणूंच्या) त्यांच्या संशोधनातून आपल्या ओपीडीतील हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या, रुग्णाला प्रत्यक्षात काय मिळाले. आणि रुग्णसेवा न सोडता अशा विषयात काम करायचे असेल तर मुंबईत सुरुवात कुठून करावी. मी औषधशास्त्राचा अध्यापक आहे. उमेदीची वर्षे रिसेप्टर बाइंडिंगच्या प्रयोगांत गेली आणि पुढची बरीच वर्षे हृदयरोग विभागाबरोबर औषधांच्या चाचण्या करण्यात गेली, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी घाईने दिले जाते. लेफ्कोविट्झ यांनी रिसेप्टर शोधला आणि त्यामुळे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरील अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारी औषधे, आली, असे विद्यार्थी तोंडी परीक्षेत बेधडक सांगतात. ते कालक्रमात बसत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा वेगवेगळ्या अवयवांवर होणारा परिणाम मोजून, त्यामागे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर असावेत, असे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. त्यांचा तो लेख आधी एका नियतकालिकाने नाकारला होता. त्याच मांडणीवर विसंबून जेम्स ब्लॅक यांनी अंजायनाच्या (छातीत कळ येणाऱ्या) रुग्णांच्या हृदयाची ऑक्सिजनची गरज कमी करणारे औषध शोधायला घेतले आणि १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर पुढे आला. लेफ्कोविट्झ त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी होते. म्हणजे रिसेप्टर कोणी पाहिलेला नसताना, तो नुसता गृहीत धरून, त्याच्यावर चालणारे औषध तयारही झाले होते आणि लाखो लोक ते घेऊही लागले होते.

आपल्या परळच्या मंडळींना यात आणखी एक नाव आठवायला हवे. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांच्या नोंदींसह प्रसिद्ध केला. सर्पगंधेतील रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (अ‍ॅड्रेनॅलिनचाच भाऊबंद) रिकामे करते, म्हणजे बीटा ब्लॉकर ज्या व्यवस्थेला रिसेप्टरपाशी अडवतो तिलाच हे औषध उगमापाशी अडवते. त्यासाठी वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोप्रॅनोलॉलचाही मुंबईशी संबंध आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मक्तेदारी काढून ती केवळ उत्पादनाच्या पद्धतीपुरती ठेवली, त्या काळात सिप्लाने प्रोप्रॅनोलॉल बनवण्यावरून मूळ ब्रिटिश कंपनीशी झालेला वाद आजही त्या कायद्याच्या संदर्भात सांगितला जातो. ही गोळी आपल्याकडे स्वस्त झाली ती या मार्गाने.

मग लेफ्कोविट्झ यांनी केले काय? त्यांनी या गृहीतकाला मोजता येईल अशी वस्तू बनवले. १९६८ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दोन वर्षांसाठी दाखल झाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात डॉक्टरांना सक्तीची सेवा चुकत नसे आणि सार्वजनिक आरोग्य सेवेत जाऊन ती पुरी करण्याची सोय होती, त्या सोयीने अनेक हुशार तरुण डॉक्टर प्रयोगशाळेत आले, त्यांतले हे एक. जेसी रॉथ आणि आयरा पास्तान यांच्या हाताखाली त्यांना दिलेले काम होते एसीटीएच या संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशींवर कुठे चिकटते ते पाहण्याचे. दीड वर्षाच्या आसपास काहीच जमले नाही, आणि आपण रुग्णसेवेतच परत जावे असे त्यांनी ठरवूनही टाकले होते. शेवटी प्रयोग चालू लागले, १९७० साली लेख आले, आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी करताना प्रयोगशाळेची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. तेथील हृदयरोग विभागाचे प्रमुख एडगर हेबर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी बीटा रिसेप्टरच्या मागे लागायला सुरुवात केली आणि १९७३ साली ड्यूक विद्यापीठात स्वतःचा गट उभा केला. ते विद्यापीठ त्यांनी पुढे सोडले नाही, आणि विषयही सोडला नाही.

त्या काळी अनेक नामवंत औषधशास्त्रज्ञांना रिसेप्टर ही प्रत्यक्ष वस्तू आहे हेच मान्य नव्हते. स्वतः आल्क्विस्टही त्याला परिणामांचे स्पष्टीकरण देणारी एक अमूर्त कल्पना म्हणत. त्यांच्या संशयाला आधार होता. लेफ्कोविट्झ यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जोडलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या पेशीपटलांना भरपूर चिकटत असे, पण ते जिथे चिकटत होते ती जागा खऱ्या रिसेप्टरसारखी वागत नव्हती. खऱ्या रिसेप्टरला रेणूचा डावा आणि उजवा, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखा, अवतार ओळखता आला पाहिजे, कारण हृदयावर डाव्या अवताराचा परिणाम उजव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. या कसोटीला त्या जागा उतरत नव्हत्या आणि टीकाकारांनी ते जाहीरपणे दाखवून दिले. १९७४ साली मार्ग बदलला: रिसेप्टर चालू करणारे द्रव्य वापरण्याऐवजी त्याला घट्ट धरून बसणारे बीटा ब्लॉकरच, डायहायड्रोअल्प्रेनोलॉल, ट्रिटियम लावून वापरले. त्याच वर्षी आणखी दोन गटांनीही अशाच किरणोत्सारी ब्लॉकरनी बीटा रिसेप्टर मोजून दाखवले. हे श्रेय एकट्याचे नव्हते, हे सांगायला हवे.

हा प्रयोग हाताने केल्याशिवाय त्याची ताकद लक्षात येत नाही, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. पेशीपटलांचा गढूळ द्राव आणि किरणोत्सारी औषध काही वेळ एकत्र ठेवायचे, मग व्हॅक्यूम पंपावर बसवलेल्या काचतंतूंच्या गोल फिल्टरवर ओतायचे आणि लगेच बर्फासारख्या थंड बफरने धुवायचे. धुणे काही सेकंदांत उरकावे लागते, कारण उशीर झाला तर चिकटलेले औषधही सुटून जाते. फिल्टर चिमट्याने उचलून छोट्या बाटलीत टाकायचा, किरणोत्सर्जनाने चमकणारा सिंटिलेशन द्राव भरायचा आणि मोजणी यंत्रात लावायचा. मात्र यंत्रातून येणारा आकडा हे अजून उत्तर नसते. शेजारच्या नळ्यांत तेच सगळे घालून वर साध्या प्रोप्रॅनोलॉलचा भरमसाट डोस दिलेला असतो, जेणेकरून खऱ्या सगळ्या जागा आधीच अडतील, आणि तरीही फिल्टरवर जे उरते ते काचेला, चरबीला, कशालाही चिकटलेले फालतू किरणोत्सर्जन. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की रिसेप्टर मिळतात. पुष्कळ पेशींवर ते फक्त काही हजार असतात. नवशिक्याच्या हातून वजा करायचा आकडाच मोठा येतो आणि त्याला वाटते की आपल्याला भरपूर रिसेप्टर सापडले. या क्षेत्रातील निम्मे भांडण त्या एका वजाबाकीवर झाले आहे.

मोजता आल्यावर शुद्ध करणे आले. डिजिटोनिन या साबणासारख्या द्रव्याने पेशीपटलातून रिसेप्टर सोडवायचा, ब्लॉकर जोडलेल्या मण्यांच्या नळीतून न्यायचा, धुवायचा आणि पुन्हा तेच करायचे. मार्क कॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात वर्षे घातली, आणि शुद्ध केलेला रेणू रिसेप्टर नसलेल्या पेशीत घातल्यावर ती पेशी अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देऊ लागली, तेव्हा शंकेखोरांचे तोंड बंद झाले. १९८४ साली ब्रायन कोबिल्का या गटात आले. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांसह बीटा-२ (बीटा रिसेप्टरचा एक उपप्रकार) रिसेप्टरचा जीन १९८६ साली हाती लागला, आणि त्याचा क्रम वाचल्यावर जे दिसले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते: डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनसारखाच हा रेणू पेशीपटलातून सात वेळा आरपार जात होता. हृदयातील अ‍ॅड्रेनॅलिनचा रिसेप्टर आणि डोळ्यातील प्रकाशाचा रिसेप्टर एकाच घराण्यातले निघाले. या घराण्यात माणसाचे सुमारे ८०० जीन आहेत आणि आज बाजारात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे त्यांतल्या कोणत्या ना कोणत्या रिसेप्टरवर काम करतात. कोबिल्का यांनी पुढे स्वतःच्या प्रयोगशाळेत २००७ आणि २०११ साली या रिसेप्टरची त्रिमिती रचना, दुसऱ्या वेळी जी-प्रोटीनला (रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला) धरलेल्या अवस्थेत, मिळवली. नोबेल दोघांना मिळून होते आणि ते या घराण्यातील रिसेप्टरच्या रेणूंच्या अभ्यासासाठी होते, म्हणून रसायनशास्त्राचे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे, त्यात गूढ काही नाही.

आता हार्ट फेल्युअर. तुमच्या ओपीडीत नातेवाईक केसपेपर पुढे करून सांगतात, ‘डॉक्टर, पेशंटचं पंपिंग पंचवीस टक्के आहे’, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला तेवढेच बाहेर फेकले जाते. आम्ही शिकत होतो तेव्हा अशा रुग्णाला बीटा ब्लॉकर देणे हा गुन्हाच मानला जाई. हृदय आधीच कमजोर, त्याला शरीर अ‍ॅड्रेनॅलिनच्या जोरावर कसेबसे चालवत आहे, तो आधारही काढून घेतला तर रुग्ण दगावेल, असा तर्क होता आणि तो ऐकायला बिनचूक वाटे. त्यामुळे डिगॉक्सिन, लघवी वाढवणारे लासिक्स आणि गरज पडली तर हृदयाला आणखी पळवणारी औषधे, असा क्रम असे. पळवण्याच्या या धोरणाचा निकाल १९९१ साली लागला. मिलरिनोनच्या गोळ्यांच्या एक हजारावर रुग्णांच्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २८ टक्क्यांनी जास्त निघाले. दमलेल्या बैलाला पराणी टोचून चढ चढवण्यासारखेच ते होते.

उलट्या दिशेची सुरुवात मात्र कोणत्याही रिसेप्टर प्रयोगशाळेत झाली नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी नाडी जोरात पळत असलेल्या, हृदय फुगलेल्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर देऊन पाहिले आणि ते सुधारले, असे १९७५ साली प्रसिद्ध केले. नियतकालिक वकिलांच्या लेखाचेच, ब्रिटिश हार्ट जर्नल. सात रुग्ण, तुलनेचा गट नाही. जवळजवळ कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्या वेळच्या पुराव्याकडे पाहता न ठेवणाऱ्यांना दोषही देता येत नाही. असे का घडते हे सांगणारी जोड १९८२ साली मिळाली. स्टॅनफर्डमध्ये मायकेल ब्रिस्टो यांनी हृदय प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली निकामी हृदये घेतली आणि वर वर्णन केलेल्या बाइंडिंगच्या पद्धतीने त्यांतील बीटा रिसेप्टर मोजले. ते निरोगी हृदयांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. अ‍ॅड्रेनॅलिनचा अखंड मारा सहन करता करता हृदयाने रिसेप्टर आवरते घेतले होते.

माझ्या मते लेफ्कोविट्झ यांच्या कामाचा हृदयरोग्याला झालेला सर्वांत मोठा उपयोग हा आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या हातून झालेला नाही. त्यांनी घडवलेले माप दुसऱ्याने रुग्णाच्या हृदयाला लावले. त्यातून गोथेनबर्गच्या निरीक्षणाला कारण मिळाले, कारणामुळे मोठ्या चाचण्यांना पैसा आणि धीर मिळाला, आणि १९९९ साली सिबिस-२ या चाचणीचा निकाल आला: २,६४७ रुग्णांत बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के दगावले, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी १७.३ टक्के. त्याच वर्षी मेटोप्रोलॉलच्या आणि २००१ साली जास्त आजारी रुग्णांतील कार्व्हेडिलॉलच्या चाचणीने साधारण तेवढाच फायदा दाखवला. वॉर्डातले धोरण उलटे व्हायला १९७५ पासून जवळजवळ पाव शतक लागले.

ओपीडीत हे सगळे कार्व्हेडिलॉलच्या ३.१२५ मिलिग्रॅमच्या लहानशा गोळीत उतरते. रुग्णाच्या अंगावर सूज असताना, श्वास लागत असताना ती सुरू करायची नसते. पाणी उतरवून घ्यायचे, मग सर्वांत कमी डोस, आणि दोन-दोन आठवड्यांनी, नाडी आणि रक्तदाब बघत, दुप्पट. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला बहुधा बरे वाटत नाही, थकवा वाढतो, आणि घरातले कोणीतरी ‘ही गोळी त्याला सोसत नाही’ म्हणून परस्पर बंद करते. अचानक बंद करणे हेच धोक्याचे असते. गोळी लिहून देताना हे दोन मिनिटे बसून सांगितले नाही तर चाचण्यांतले आकडे आपल्या रुग्णाच्या कामाला येत नाहीत. गर्दीच्या ओपीडीत ती दोन मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रयोगशाळेने सोडवलेला नाही.

रिसेप्टर आवरते घेणारी यंत्रणा कोणती, हा लेफ्कोविट्झ यांच्या कारकिर्दीचा दुसरा अर्धा भाग. अ‍ॅड्रेनॅलिनने रिसेप्टर चालू झाला की जीआरके नावाचे एन्झाइम त्याच्या शेपटीवर फॉस्फेट लावते, त्या खुणेवर बीटा-अरेस्टिन येऊन बसते, जी-प्रोटीनची वाट अडते आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. हे सापडले त्याची हकीकत मला फार आवडते. त्यांच्या गटाने एन्झाइम जसजसे अधिक शुद्ध केले तसतसा रिसेप्टर बंद पाडण्याचा त्याचा परिणाम कमी होऊ लागला, म्हणजे शुद्धीकरणात कामाचे काहीतरी वाहून जात होते. डोळ्याच्या पडद्यातील अरेस्टिन त्यात मिसळून पाहिले तेव्हा परिणाम बऱ्याच अंशी परत आला, आणि त्यावरून हृदयासह इतर अवयवांतला त्याचा भाऊबंद १९९० साली हाती लागला. पुढे असे दिसले की अरेस्टिन नुसते अडवत नाही, ते स्वतःही पेशीत वेगळे संदेश पाठवते.

त्यावरून एक आकर्षक विचार निघाला: रिसेप्टरच्या दोन वाटांपैकी हवी ती चालू आणि नको ती बंद ठेवणारे औषध का बनवू नये? लेफ्कोविट्झ यांनी सहकाऱ्यांसह त्यासाठी ट्रेव्हिना ही कंपनीही काढली. रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर असे औषध तयार झाले, प्राण्यांत छान चालले, आणि अचानक बिघडलेल्या हार्ट फेल्युअरच्या ६२१ रुग्णांच्या ब्लास्ट-एएचएफ चाचणीत त्याने काहीच फायदा दाखवला नाही. त्याच विचारातून आलेले ऑलिसेरिडीन हे वेदनाशामक अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले, पण तो हृदयाचा विषय नव्हे. उंदरांत जीआरके रोखल्यावर हृदय सुधारते हे १९९५ पासून माहीत आहे, तरी त्यातून रुग्णाला देण्याजोगे औषध अजून आलेले नाही. भाषणांत हा भाग लोक पटकन उरकतात. या विषयात उतरायचे असेल तर तुम्ही तो सावकाश वाचा.

तिसरा प्रश्न. लेफ्कोविट्झ अनेक वर्षे ड्यूकच्या वॉर्डात राउंड घेत राहिले, त्यामुळे दोन्ही जमते हे खरे. पण त्यांच्याकडे संरक्षित वेळ होता, आणि आपल्या महापालिका रुग्णालयातील लेक्चररला तो मिळत नाही. म्हणून एमडी मेडिसिन आणि डीएम कार्डिओलॉजी करून मग प्रयोगशाळेकडे बघू, असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे पोहोचलेले मी पाहिले आहेत. औषधशास्त्रात एमडी करून केईएममध्ये क्लिनिकल फार्माकॉलॉजीचे डीएम करणे ही एक वाट आहे, आणि तीत रुग्ण सुटत नाहीत. दुसरी, पीएचडी: कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जीवविज्ञानाच्या प्रवेशासाठी एमबीबीएस झालेल्यांनाही अर्ज करता येतो, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून घ्यावी. पवईला आयआयटीमध्ये जैवविज्ञान विभाग आहे. थेट अरेस्टिनवरच काम करायचे असेल तर मुंबई सोडावी लागेल. आयआयटी कानपूरचे डॉ. अरुण शुक्ला लेफ्कोविट्झ यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आले आहेत आणि त्यांचा गट या विषयात जगाच्या बरोबरीने आहे.

त्याआधी एक करा. इंटर्नशिप संपल्यावर पीजीच्या अभ्यासाला बसण्यापूर्वी दोन-तीन महिने काढता आले तर एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन एकच मापन शिका. आता ट्रिटियमची बहुधा गरज पडत नाही. पेशीतील सायक्लिक एएमपी (बीटा रिसेप्टर चालू झाला की वाढणारे संदेशद्रव्य) प्रकाशाने मोजणाऱ्या प्लेट सर्रास मिळतात, आणि रिसेप्टर चालू झाला की नाही ते संध्याकाळपर्यंत कळते. पण ज्या प्रयोगशाळेत जाल तिथे प्रमुखांचे नवे निकाल बघण्याआधी त्यांचे कंट्रोल बघायला मागा: प्लेटमधील औषध न घातलेल्या खळग्यांचे आकडे, ब्लॉकर घातलेल्या खळग्यांचे आकडे आणि तोच प्रयोग वेगळ्या दिवशी केल्यावर आलेले आकडे. जिथे ते न कुरकुरता काढून दाखवतात तिथे थांबा. ‘त्याचं नंतर बघू’ असे उत्तर आले, तर दुसरीकडे विचारायला लागा.